फिरायला गेल्यावरही स्वयंपाकच?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भिशीत विचारलंत, लग्नात पंगतीला शेजारी बसून विचारलंत, परवा तर लोकलमध्ये दांडीला लटकून विचारलंत: "अगं, थायलंडला जाऊन स्वयंपाकाचा क्लास? घरी काय कमी रांधतेस?"

प्रश्न रास्त आहे. २६ वर्षं रोज दोन वेळा गॅसपुढे उभी राहणारी बाई चियांग माईला पोचते आणि दुसऱ्याच दिवशी पैसे मोजून पुन्हा गॅसपुढे उभी राहते, हे मलाही जरा वेडेपणाचंच वाटत होतं.

आधी मंडईत नेतात. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'ख्रू' म्हणत होते. ख्रू म्हणजे आपला गुरूच, शब्द इकडूनच तिकडे गेलाय. मंडईत निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघाल्या, कामं मात्र वेगळी. गवती चहाची पात बाजूला आणि बुडाचा पांढरा दांडा वाटणात. कोथिंबिरीची मुळं आपण कापून केरात टाकतो, तिथे जुडी मुळांसकट विकतात, कारण वाटणाला मुळंच लागतात. 'कपी' नावाचा जांभळट गोळा ख्रूने नाकाशी धरला, तेव्हा शेजारची जर्मन मुलगी दोन पावलं मागे सरली. मी रत्नागिरीची. बारीक कोलंबी मीठ लावून आंबवलेली, म्हणजे आमच्या जवळ्याची चुलत बहीणच. मी पुन्हा हुंगला.

अडले ते तुळशीपाशी. 'कफ्राव' म्हणजे तुळसच. मूठभर पानं, लसूण-मिरचीवर परतलेल्या चिकनमध्ये. सासूबाई रोज जिला पाणी घालतात ती कढईत टाकताना हात दोन क्षण थांबलाच. टाकली. फोटो मात्र घरच्या ग्रुपवर पाठवला नाही.

मग खल. ग्रॅनाइटचा, दोन हातांनी उचलावा असा. भिजवलेल्या सुक्या मिरच्या आणि मीठ आधी, मग गवती चहा, कुलिंजनासारखं एक मूळ, माक्रूट लिंबाची साल, मग लसूण, छोटे कांदे, शेवटी कपी. चिवट ते आधी, रसाळ ते नंतर. उलटं केलं की सगळं खलातून उडतं. माझं उडालं, चष्म्यावर. वीस मिनिटं ठेचत होते. मिक्सर का नाही विचारलं, तर ख्रू म्हणाल्या, मिक्सर कापतो, बत्ता चिरडतो. पाट्यावरच्या वाटणाबद्दल माझी आई हेच म्हणायची, आणि मी तिला मिक्सर घेऊन दिला होता. पूर्वी तिकडे म्हणे बत्त्याच्या आवाजावरून होणारी सून पारखायचे. माझा आवाज ऐकून कुणी मागणी घातली नसती.

खरी गंमत नारळाच्या दुधाची. आपल्याकडे कालवणात दूध घातलं की गॅस बारीक, फुटलं तर बोलणी. इथे घट्ट दूध आधी कढईत, मोठ्या आचेवर. माझा हात सवयीने बटणाकडे गेला, ख्रूने तो बाजूला केला आणि आच आणखी वाढवली. दूध बुडबुडलं, आटलं, कण सुटे झाले, कडेने तेल दिसू लागलं. फुटलं! त्यांना फुटलेलंच हवं होतं. त्या तेलात वाटण परतायचं, पातळ दूध मागाहून. मी आयुष्यभर जे होऊ नये म्हणून चमचा हलवत राहिले, तीच त्यांची पहिली पायरी.

शेवटी सोम तम, कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणा. याला खल मातीचा, बत्ता लाकडी, कारण पपई नुसती चेपायची. ख्रूने विचारलं, "मिरच्या किती?"

मी म्हटलं, "सगळ्यांना चालतील तेवढ्या."

"सगळ्यांचं नाही. तुझी वाटी. तुला किती?"

खरं सांगते, उत्तर येईना. ह्यांना तिखट सोसत नाही, सासूबाईंना आंबट नको, धाकट्याला मिरची दिसलेलीही चालत नाही. हे सगळं झोपेतही सांगेन. मला किती? एक टाकली. चव बघितली. आणखी दोन. लिंबू, माडाच्या गुळासारखी ताडाची साखर, माशाचं खारं पाणी, दाण्यांचा कूट नव्हे, अख्खे दाणे. पुन्हा चव. आणखी दोन. (मिरची तशी त्यांचीही नाही नि आपलीही नाही. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात ठाण मांडून बसले, १५११ मध्ये थायलंडच्या जुन्या राजधानीत, अयुथयेच्या दरबारी पोचले, आणि त्यांच्या मागोमाग अमेरिकेतली मिरची दोन्हीकडे आली.) पाच मिरच्यांची ती वाटी मी नाक पुसत, कुणाला "घे ना थोडं" न म्हणता, एकटीने संपवली. आणि भांडी दुसऱ्या कुणीतरी घासली, तेही मोजा.

आता तुमची पुढची फर्माईश माहीत आहे: थाई करी कधी घालतेस? या रविवारी. पण येताना दोन नारळ घेऊन या. डोंबिवलीत खोक्यातलं दूध दोनदा उकळून पाहिलं, ते फुटू नये म्हणून त्यात काहीतरी घातलेलं असतं; अर्धा तास उभी राहिले, तेल काही सुटलं नाही. खवायला बसायचं, आणि प्रत्येकीने आपापल्या मिरच्या आपणच मोजायच्या.