चुना फासलेले दगड

टॉप विदेन्स हे इंग्लंडमधल्या माळावरचं पडकं शेतघर. एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’ कादंबरीतलं घर ते हेच, असं पुष्कळांना वाटतं. त्याच्या भिंतीवर १९६४ साली ब्राँटी सोसायटीने एक पाटी बसवली. फार लोक विचारतात म्हणून, असं पाटीवरच लिहिलंय. मजकूर असा की ही वास्तू शाबूत होती तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखी दिसत नव्हती. एमिलीच्या मनात फार तर ही जागा असावी. एवढी प्रामाणिक पाटी विरळाच. तरी ‘वदरिंग हाइट्स’ शोधणारे येतातच. यॉर्कशायरच्या त्या माळावर वाट दाखवणाऱ्या खांबांवर जपानी अक्षरंही आहेत.

पुढच्याच वर्षी पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट खुली झाली: ईडेल ते कर्क येटम, २६८ मैल. ती इथूनच जाते.

घराचं जाऊ द्या, वाट बघा. उत्तरेला निघालं की टॉप विदेन्सवरून पाँडनकडे उतार लागतो. तिथला पाँडन हॉल म्हणजे कादंबरीतलं दुसरं घर, थ्रशक्रॉस ग्रेंज, असं काही जण सांगतात. ते खरं धरलं तर वदरिंग हाइट्सहून ग्रेंजला परतणाऱ्या भाडेकरू लॉकवुडच्याच वाटेने आपण उतरतो. त्याच्या वाटेला दर सहा-सात यार्डांवर उभे दगड होते, अंधारात दिसावेत म्हणून चुना फासलेले. पण चुना पांढरा आणि रात्रीत पडलेला बर्फही पांढरा! सकाळी कुठेकुठे मळकट ठिपके तेवढे उरले. माळावर घरमालक हीथक्लिफ सोबत होता म्हणून निभावलं. तो ग्रेंजच्या फाटकापासून परतला आणि पुढच्या दोन मैलांचे या गृहस्थाने चार केले. एकदा तर गळ्यापर्यंत बर्फात रुतला.

आताचे दगड आडवे आहेत. इथली जमीन पीटची, शतकानुशतकं साठलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची. पाणी धरून ठेवते. चिखल चुकवायला जो तो कडेने जातो, मग कडेचाही चिखल होतो आणि वाट रुंदावत जाते. म्हणून फरशा टाकल्या, त्यातल्या बऱ्याच बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या. पाय कोरडे राहतात. मात्र कडाक्याच्या थंडीत फरशीवर बर्फाचा पापुद्रा धरतो, पाय सटकतो आणि माणसं पुन्हा गवतात उतरतात. झालं, परत तेच!

कादंबरीतला खरा चालणारा मात्र थोरला अर्नशॉ, वदरिंग हाइट्सचा आधीचा मालक. लिव्हरपूल साठ मैल, जाऊन-येऊन एकशे वीस, आणि तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला हा घरी. पेनाइन वे करणारे दिवसाला पंधरा-सोळा मैल पुष्कळ मानतात. ओझं बांधायची अक्कल मात्र त्याला नव्हती. कोटात लिव्हरपूलहून उचललेलं पोर गुंडाळलेलं, तोच पुढे हीथक्लिफ. मुलासाठी आणलेल्या व्हायोलिनचा त्यातच चुरा झाला, मुलीचा चाबूक वाटेत हरवला. तीन राज्यं दिली तरी पुन्हा असं चालणार नाही, म्हणाला.