पिपेट म्हणजे नेमकी कोणती?

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या सुताची रंगछटा आधी लॅबमध्ये छोट्या नमुन्यावर काढतात. ५ ग्रॅम सूत, २ टक्के शेड (म्हणजे सुताच्या वजनाच्या २ टक्के रंग), रंगाचं द्रावण १ टक्क्याचं, म्हणजे द्रावण लागतं १० मिली. पिपेट म्हणजे द्रव मोजून काढायची काचेची नळी, पण इथे नुसतं ‘नळीने घे’ म्हणून भागत नाही. १०० मिलीच्या साध्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १ मिलीचा फरक सहज पडतो. १० मिलीत तो १० टक्के! शेड गेलीच म्हणायची.

मधे फुगा आणि वर एकच खूण असलेली ती बल्ब पिपेट. ती एकच ठरलेलं माप देते. सरळ, अंशांकित असते ती ग्रॅज्युएटेड पिपेट. बल्ब पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकायचा नाही. तो मापात धरलेलाच नसतो. ब्लो-आउट पिपेट मात्र फुंकूनच रिकामी करायची. काचेवर ‘एक्स’ असेल तर माप बाहेर पडणाऱ्या द्रवाचं, ‘इन’ असेल तर आत मावणाऱ्याचं. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क (लांब मानेवर एकच खूण असलेला) ‘इन’ जातीचा, म्हणून २५० मिलीच्या फ्लास्कमधून ओतलेलं पूर्ण २५० मिली धरू नये.

ब्युरेट म्हणजे उभी, अंशांकित लांब नळी; तिला खाली तोटी असते. तोटीखालचा हवेचा बुडबुडा आधी काढा, भरताना वर ठेवलेलं नरसाळंही उचला, नाहीतर त्यातला थेंब मधेच पडतो.

बीकर आणि कोनिकल फ्लास्कवरच्या रेघा अंदाजापुरत्या.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळाच. काचेवर २० अंश लिहिलंय (माप त्या तापमानाला बरोबर) आणि खोलीत ४०, तर लिटरमागे पाणी सुमारे ६ मिली फुगतं. द्रावण सकाळीच बनवा.