लिलाव नसलेलं लाकूड

चौतीस वर्षं मी वनखात्यात काढली, त्यातली बहुतेक गडचिरोली जिल्ह्यात. वनरक्षक म्हणून लागलो आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे झाड समोर आलं की माझे डोळे आधी छातीच्या उंचीवर जातात आणि घेर मोजतात. मुलीकडे कॅलिफोर्नियात आलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला या आठवड्यात सुट्टी नाही, पण तुम्ही दोघं एक अर्ध्या दिवसाची सहल करून या. जंगल आहे, आणि येताना पाण्याकाठचं एक गाव. गाडी, गाइड सगळं त्यांचं." जंगल म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. गावाचं मला विशेष काही नव्हतं, ते सौभाग्यवतींसाठी होतं.

जंगल म्हणजे म्युर वुड्स, रेडवुड नावाच्या प्रचंड उंच झाडांचं, आणि गाव म्हणजे सॉसालिटो. दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे. सकाळी नऊला पंधरा-सोळा जणांची छोटी गाडी निघाली. जुलै महिना असून मी स्वेटर घातला होता आणि ते बरंच झालं. पुलाचे तांबडे मनोरे अर्ध्यावर धुक्यात बुडालेले होते, वरचा भाग दिसतच नव्हता. गाडीतली मंडळी हळहळली, फोटो येणार नाही म्हणून. गाइड गाडी चालवता चालवता म्हणाला की पुढे जी झाडं बघायला चाललोय ती याच धुक्यावर जगतात. ते वाक्य ऐकून मी पुढे सरकून बसलो. माणूस जाणता होता.

इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. आपल्या उलट. हिवाळ्यात पडेल तेवढा, नंतर कोरडं. अशा ठिकाणी ऐंशी मीटरच्या घरात वाढणारं झाड उन्हाळा काढतं कसं? समुद्रावरून आलेलं धुकं सुयांसारख्या पानांवर साचतं आणि थेंब थेंब खाली मुळांवर गळतं. थोडं पाणी पानं थेट शोषूनही घेतात. आपला साग उन्हाळ्यात पानं टाकून देतो आणि पावसाची वाट बघतो. हे झाड पानं तशीच ठेवतं आणि समुद्राकडून पाणी मागून घेतं. म्युर वुड्समध्ये गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, तरी खाली टपटप चालू होतं. सौ. म्हणाली, "अहो, पाऊस आहे की काय?" मी वर बघितलं. मान जेवढी मागे जाते तेवढी नेली तरी शेंडा सापडला नाही.

गाइडने फाटकाशी उभं करून सांगितलं की इथे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा घड्याळ बघा आणि सव्वा तासाने याच ठिकाणी या. सव्वा तास. मला एक बीट, म्हणजे वनरक्षकाचा नेमून दिलेला टापू, फिरायला सकाळची संध्याकाळ लागायची.

आत शिरल्यावर एका पडलेल्या झाडाची आडवी चकती उभी करून ठेवली आहे, वर्षांच्या खुणांसह. त्या झाडाचा जन्म इ. स. ९०९ आणि ते पडलं १९३० मध्ये. लोक त्यावर कोलंबस कुठे ते शोधत होते. मी माझी वर्षं शोधली. हे रोप उगवलं तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरून शंभरावर वर्षं झाली होती. रायगडावर राज्याभिषेक झाला, १६७४, तेव्हा झाडाचं वय साडेसातशेच्या वर. सौ.ने बोट ठेवायला हात पुढे केला आणि मग अदबीने मागे घेतला.

रेडवुड क्रीक नावाचा ओढा मधून वाहतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पायवाट. वाट सोडून जायचं नाही. मला सुरुवातीला हे जड गेलं, कारण झाडाला हात लावल्याशिवाय मला झाड कळत नाही. पण एका जागी बुंधा वाटेला अगदी टेकला होता. साल दाबून बघितली. नारळाच्या काथ्यासारखी, मऊ, धागेदार, आणि जाडी कुठे कुठे फूटभर भरते. या सालीत टॅनिन भरपूर आणि राळ जवळजवळ नाहीच. म्हणून आग लागली तरी ती पेटत नाही, वरवर काळी पडते. कितीतरी बुंध्यांमध्ये आगीने कोरलेल्या पोकळ्या दिसल्या, माणूस आत उभा राहील एवढ्या, आणि वर झाड हिरवंगार.

ते बघून माझा जीव थोडा गलबलला. फेब्रुवारी ते जून आमचं आयुष्य वणव्यात जायचं. जाळरेषा काढायच्या, रात्री-अपरात्री ओल्या फांद्या घेऊन धावायचं. मोहासाठी, तेंदूसाठी कोणी पालापाचोळा पेटवला की दोन दिवसांत एक कंपार्टमेंट, म्हणजे जंगलाचा आखलेला तुकडा, काळं. सागाची साल पातळ. मोठं झाड वाचतं, पण बुंध्यात आग शिरली की आतून पोकळ होतं आणि लाकडाची प्रत जाते. रोपवन तर पुरतं जातं. आम्ही आगीला शत्रूच मानलं. इथे गाइडकडून कळलं की आग वर्षानुवर्षं दाबून ठेवल्याने जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो, आणि या झाडाचं टोमॅटोच्या बीएवढं बी त्या थरात रुजत नाही, त्याला उघडी माती लागते. आगच ती उघडी करून देते. मी दोन प्रश्न विचारले, माझ्या इंग्रजीत. त्याने थांबून, हातवारे करून उत्तरं दिली. बाकीची मंडळी तोवर पुढे गेली होती.

बी रुजलं नाही तरी या झाडाचं अडत नाही, आणि ही गोष्ट आपल्या सागाशी जुळते. साग तोडला की खुंटाच्या कडेने फुटवे येतात, त्यावर आमच्या कितीतरी कूपांचं, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यांचं, पुढचं जंगल उभं राहिलं. रेडवुडही तेच करतं. मधलं मूळ झाड मेलं, जळलं, पडलं, कुजून नाहीसं झालं, तरी त्याच्या बुडाभोवती आलेले फुटवे वाढत राहतात. शेवटी मोकळ्या जागेभोवती सात-आठ प्रचंड झाडांचं रिंगण उरतं. सगळी एका मुळावरची. अशा एका रिंगणात उभं राहून मी मधल्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिलो. आई नाही आणि सगळी मुलं जागेवर आहेत, असं ते होतं.

हे जंगल उरलं कसं, तेही सांगतो. आजूबाजूच्या डोंगरांवरची याच जातीची झाडं सॅन फ्रान्सिस्को शहर बांधण्यात गेली. ही दरी अडचणीची, म्हणून मागे राहिली. १९०५ मध्ये विल्यम केंट आणि एलिझाबेथ केंट या नवराबायकोने ६११ एकर ४५,००० डॉलरला विकत घेतले. दोन वर्षांत एका पाणी कंपनीने ओढ्यावर धरण बांधायचं ठरवून जमीन संपादनासाठी कोर्ट गाठलं. धरण झालं असतं तर ही झाडं पाण्याखाली जाणार होती. केंटनी त्यातले २९५ एकर केंद्र सरकारला दान देऊन टाकले, म्हणजे कंपनीला हातच लावता येऊ नये. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. नाव केंटचं द्यायचं चाललं होतं, त्यांनी ते नाकारून निसर्गप्रेमी जॉन म्युर यांचं सुचवलं. भूसंपादनाच्या फायली मीही हाताळल्या आहेत. त्यात जंगल नेहमी हरताना पाहिलं. संपादन होण्याआधीच जमीन देऊन मोकळं व्हायचं, ही युक्ती मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

पुढे कॅथीड्रल ग्रोव्ह आहे. तिथे शांत राहा अशी पाटी आहे आणि लोक खरंच शांत राहतात, लहान मुलंसुद्धा. संयुक्त राष्ट्रांची सनद लिहायला जमलेले देशोदेशींचे प्रतिनिधी १९ मे १९४५ रोजी इथे आले होते, महिन्याभरापूर्वी वारलेल्या राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टना आदरांजली वाहायला. सौ. तिथे बाकावर बसली आणि डोळे मिटले. आमच्याकडच्या देवराईत ती अशीच बसते. आलापल्लीला आमचं वनवैभव आहे, सहा हेक्टर न तोडलेलं जंगल, २०१४ पासून जैवविविधता वारसा स्थळ. तिथेही आवाज आपोआप खाली येतो. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ त्या सहा हेक्टरांच्या शेजारी गेला.

आणि मग ते खोड. ओढ्याच्या अंगाला एक रेडवुड पडलेलं होतं, कधीचं कोण जाणे. वर शेवाळ, नेच्यांची रांग, एका बाजूला केळ्याच्या सालीच्या रंगाची, वीतभर लांबीची पिवळी गोगलगाय, शंख नसलेली. पायवाट खोडाला समांतर जात होती. मी पावलं मोजली. चाळीस मीटर भरलं. मधला घेर डोळ्यांनी पाच मीटर धरला. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. साडेबासष्ट घनमीटर. आमच्या हिशेबाने सहा ट्रक. बल्लारशाच्या डेपोवर एवढं लाकूड एका झाडाचं म्हणून आलं असतं तर ठेकेदारांनी गर्दी केली असती.

इथे ते कोणी उचलत नाही. गाइड म्हणाला की पूर्वी पडलेली झाडं काढत असत आणि १९३० च्या दशकात ओढ्याचे काठ दगडांनी बांधून काढले होते. नीटनेटकं दिसायचं. पण कोहो सॅमन नावाचा मासा समुद्रातून या ओढ्यात अंडी घालायला येतो, आणि त्याच्या पिल्लांना पडलेल्या खोडांखालचे डोह, वळणं, सावली लागते. बांधलेल्या काठांमुळे पाणी सरळ, वेगाने जायला लागलं आणि मासे कमी होत गेले. म्हणून अलीकडे ते दगड काढून लाकडं ओढ्यात पुन्हा ठेवली. मी आयुष्यात किती नालाबांध घातले असतील! पाणी अडवायला घातले, त्याचा मला पश्चात्ताप नाही, आमच्याकडे ते हवेच होते. पण पडलेलं लाकूड कधी जागेवर ठेवलं नाही. वाळलेलं, पडलेलं पहिल्यांदा गोळा करायचं, हेच आम्हाला शिकवलं होतं. खाली वाकून बघितलं तर डोहात बोटाएवढी पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभी होती.

घड्याळ बघितलं. दहा मिनिटं उशीर. परत येताना सौ.ने वाटेवर पडलेलं एक छोटं शंकूफळ उचललं होतं, बोराएवढं. मी सांगितल्यावर ती मागे जाऊन ते ठेवून आली.

तिथून वळणावळणाने खाली सॉसालिटो वीस-पंचवीस मिनिटांवर. गाव सुंदर आहे, डोंगरउतारावर घरं आणि खाली निळं पाणी, पलीकडे धुक्यातून वर आलेलं शहर. चौकात हत्तींचे दोन पुतळे उभे आहेत, डोक्यावर दिवे घेतलेले, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जागतिक प्रदर्शनातून आणलेले. सौ.ने त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला आणि आइस्क्रीम खाल्लं. दुकानांबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात याच किनाऱ्यावर गोदी उभी राहिली, तीन-साडेतीन वर्षांत ९३ जहाजं बांधून झाली. युद्ध संपल्यावर तिथल्या सोडून दिलेल्या लाकडासामानातून, जुन्या होड्यांवर लोकांनी तरंगती घरं केली. ती अजून आहेत, शेकड्यांनी.

धक्क्यावर एक म्हातारा होडीचा कठडा घासत होता. वाऱ्यावर ओळखीचा वास आला. नवीन चामड्यासारखा, किंचित तेलकट. मी थांबलो. "टीक?" तो म्हणाला, हो, ब्रह्मदेशचा, चाळीस वर्षं समुद्रावर आहे आणि कुजला नाही. मी कुठून आलो आणि काय काम केलं ते सांगितलं. त्याने पॉलिशचा कागद बाजूला ठेवला आणि मला कठड्यावर हात फिरवू दिला.

समोर एंजल आयलंड दिसत होतं. १९१० ते १९४० पर्यंत आशियातून येणाऱ्यांना तिथे अडकवून ठेवत, बहुतेक चिनी, त्यांत आपलेही लोक. जंगल वाचवणारे विल्यम केंट पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत गेले आणि आशियाई लोकांच्या येण्याला त्यांनी उघड विरोध केला. ही गोष्ट गाइडने सांगितली नाही, मी मुलीच्या घरी आधी वाचली होती. झाडं वाचवणारा हात आणि दार लावणारा हात एकच होता. मला ते जंगल बघून झाल्यावर जास्त टोचलं. आणि इथून थोडं उत्तरेला सान राफेल, जिथल्या माउंट तमालपायस मिलिटरी अकॅडमीत आमच्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शिकले. गदर चळवळीतले, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून मक्यावर काम केलेले. त्याच डोंगराकडे बघत मी उभा होतो.

कोणाला जायचं असेल तर सांगतो: स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर पार्किंगचं आरक्षण आधी करावं लागतं, त्याशिवाय जाता येत नाही. सहलीसोबत ती कटकट नाही आणि चांगला गाइड मिळाला तर झाडं बोलायला लागतात. पण सव्वा तास फार थोडा. गाव वगळा आणि तो वेळ जंगलाला द्या.

रात्री साडेआठला आलापल्लीच्या एका जुन्या वनमजुराला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. आम्ही पंधरा वर्षं एकत्र जंगल फिरलो. त्याला खोडाचं सांगितलं, लांबी, घेर, साडेबासष्ट घनमीटर.

"मंग लिलाव कवा हाय, साहेब?"

"लिलाव नाही."

"मंग कोन नेते?"

"कोणीच नेत नाही. पडून राहतं. खाली मासे राहतात."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पह्यल्यांदा आयकून रायलो, साहेब. किती वर्स राहीन ते तसं?"

"चारशे-पाचशे वर्षंसुद्धा राहील."

"बरं हाय," तो म्हणाला. "इकडं पानी चांगला पडून रायला."