लालवर पांढरा : आमच्या बस-रंगकामाची वाटचाल

जुन्या लाल इनॅमलवर पांढरा रंग थेट मारला, की दोन-तीन आठवड्यांत गाडी गुलाबी दिसू लागते. हे आमच्या वर्कशॉपला चौदा गाड्यांचे बिल अडकल्यावर कळले, असे सोलापुरात अजून बोलले जाते. ते खोटे आहे. आम्हाला ते आधीपासून माहीत होते, आणि कोटेशनमध्ये आम्ही ते लिहूनही दिले होते.

अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकच्या फाळक्यांवर अक्षरे काढण्यापासून आमची सुरुवात झाली. पुढे ट्रॅव्हल्सच्या, शाळांच्या आणि कंत्राटी शहर बसच्या गाड्या येऊ लागल्या. ती वर्षे बरी गेली. सांगण्यासारखे जे आहे ते रंगसंगती बदलण्याच्या कामात आहे.

बसचा रंग म्हणजे शोभा, असे समजणाऱ्याने सोलापूर स्टँडवर तासभर उभे राहावे. पाटी वाचता येण्याआधी माणूस रंग वाचतो. लाल म्हणजे साधी एसटी. हिरवी-पांढरी म्हणजे निमआराम. तिला आज हिरकणी म्हणतात, पण १९८२ च्या आशियाई खेळांनंतर पडलेले 'एशियाड' हे नाव जुन्या प्रवाशांच्या तोंडून जात नाही. भाडे किती, थांबे किती, हे सगळे त्या रंगातच सांगून होते. हीच एसटी सुरुवातीला लाल नव्हती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर निघालेली पहिली गाडी निळी होती आणि तिचा टप रुपेरी होता. लंडनची बस लाल झाली ती १९०७ मध्ये, तिथल्या जनरल ऑम्निबस कंपनीला रस्त्यावरच्या इतर कंपन्यांच्या गाड्यांत उठून दिसायचे होते म्हणून. नवी सेवा, नवे इंधन, नवा मालक, दोन संस्थांचे एकत्रीकरण, यातले काहीही झाले तरी पहिला फर्मान रंगाचा निघतो. तो काढणाऱ्याला वरचा रंग दिसतो. आम्हाला खालचा बघावा लागतो.

त्या चौदा गाड्यांचे असेच झाले. एका संस्थेकडे जुन्या लाल-पिवळ्या गाड्या होत्या. कारभार बदलला आणि सगळ्या पांढऱ्या करून खाली निळा पट्टा द्यायचे ठरले. मुदत एकवीस दिवस. आम्ही धुलाई आणि ग्रीस काढणे, घासकाम, डागी लांबी (खड्डे भरायची पुट्टी), इपॉक्सी सीलर (जुना रंग खाली अडवणारा थर), सरफेसर (वरच्या रंगाआधीचे अस्तर) आणि वरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, अशी सगळी कामे वेगवेगळी लिहून दिली. तिथल्या माणसाने सीलरची ओळ खोडली. "घासून सरफेसर मारताय, मग मध्ये हे कशाला?" असे त्याचे म्हणणे.

कशाला, ते सांगतो. स्वस्त लाल इनॅमलमधली रंगद्रव्ये बहुतेक सेंद्रिय असतात आणि त्यांतली काही थिनरमध्ये थोडी विरघळतात. वर ओला सरफेसर किंवा पांढरा पडला, की त्याच्यातला झायलीनसारखा द्रावक खालचा लाल मऊ करतो आणि लाल त्याच्याबरोबर वर चढतो. पहिल्या दिवशी गाडी दुधासारखी दिसते. मग सोलापूरचे ऊन लागते, पत्रा तापतो आणि गुलाबी झाक येते, आधी टपाच्या कडेला, नंतर खिडक्यांखाली. त्यावर पांढऱ्याचा तिसरा-चौथा हात मारून उपयोग होत नाही, कारण प्रत्येक ओला हात नवा द्रावक घेऊन येतो. जाड हात तर जास्तच घातक, तो सावकाश सुकतो. मधे दोन-घटकी इपॉक्सीचा पातळ, अखंड थर देऊन तो रात्रभर सुकू दिला तरच लाल खाली राहतो. अकरा मीटरच्या गाडीला टप आणि काचा सोडून साधारण पन्नास चौरस मीटर पत्रा भरतो. त्याला सात-आठ लिटर सीलर लागतो. एवढ्यासाठी ती ओळ खोडली.

गाड्या गुलाबी झाल्या. बिल थांबले. रंगाच्या दुकानदाराची उधारी वाढली, दुसरा कॉम्प्रेसर विकावा लागला, दोन कारागीर पुण्याला गेले. आमच्या शेडमध्ये उरलेल्या शेवटच्या गाडीवर आम्ही स्वखर्चाने डाव्या बाजूला सीलर मारून पांढरा दिला आणि उजव्या बाजूला सीलरशिवाय. सांधा मागच्या पत्र्यावर, मधल्या रिव्हेटच्या ओळीवर ठेवला. महिन्याभरात तिथे पेन्सिलीने ओढावी तशी रेघ उमटली, एकीकडे पांढरे, दुसरीकडे गुलाबी. बघायला या म्हणून तीन वेळा निरोप पाठवला. कोणी आले नाही.

त्या संस्थेचे उरलेले काम स्टिकरवाल्याला गेले. एका गाडीला दोन दिवस लागणार, दर आमच्या निम्म्याच्या आत. दरावर राग नाही, कोणतेही स्टिकर कुठेही चालते असे सांगितले गेले त्यावर आहे. स्वस्त कॅलेंडर्ड व्हिनाइल, म्हणजे लाटून काढलेला स्टिकरचा प्लास्टिक कागद, सपाट, स्वच्छ काचेवर ठीक. रिव्हेटच्या डोक्यांवर ते ताणून बसते, उन्हात आकसते आणि प्रत्येक डोक्याभोवती फुगा धरते. मग तिथेच फाटते. रिव्हेटवर टिकणारे कास्ट व्हिनाइल वेगळे येते आणि त्याचा दर वेगळा असतो. कडा सील केल्या नाहीत तर गाडी धुताना पाणी आत शिरते. सगळ्यात मोठे नुकसान काढताना होते. खाली धरलेला नसलेला जुना रंग पापुद्र्यासकट निघतो आणि गोंद पत्र्यावर राहतो. त्यांतल्या काही गाड्या नंतर आमच्याच शेडमध्ये आल्या. एकेका गाडीचा गोंद काढायला दोन माणसांचे तीन दिवस गेले.

त्या काळात आमच्याकडे येत राहिले ते बार्शीचे एक ट्रॅव्हल्सवाले मालक. ते रंगाची चर्चा कधी करत नसत. गाडी लावली, की चाकावरच्या कमानीखाली हात घालून पत्रा चाचपायचे. तिथे चिखल साठतो आणि गंज तिथूनच निघतो, हे त्यांना ठाऊक होते. "वरचं तुम्ही बघा मालक, खालचं मला दाखवून मगच झाका," एवढेच म्हणायचे. अस्तर मारण्याआधी उघडा पत्रा बघणारे ते आमचे एकमेव गिऱ्हाईक. त्यांच्या गाड्यांची किरमिजी आम्ही एकाच सूत्राने बनवत आलो. प्रत्येक डब्यातला थोडा रंग काचेच्या बाटलीत जपून ठेवला, म्हणून कोपरा ठोकला तरी डाग जुळतो.

पत्रा कोणता, हे न विचारता अस्तर मारणारे अजून आहेत. ॲल्युमिनियमवर साधा रेड ऑक्साइड धरत नाही, त्याला आधी फॉस्फरिक आम्लाचा वॉश प्रायमर द्यावा लागतो. लोखंडी पत्र्याला झिंक फॉस्फेट इपॉक्सी. एसटीच्या बांधणीत ॲल्युमिनियमच्या जागी लोखंडी सांगाडा आणि पत्रा आला, तेव्हा जुन्या सवयीने काम करणाऱ्यांच्या गाड्या एका पावसाळ्यात खिडकीच्या बीडिंगखाली, म्हणजे कडेच्या पट्टीखाली, फुगल्या.

सोलापूरच्या दोन अडचणी तर कोणत्याही डब्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली बोअरचे जड पाणी. पाणीपेपरने घासल्यावर ते पत्र्यावर सुकले तर क्षार राहतात, आणि पहिल्या पावसात त्यांच्यावर बारीक फोड येतात. शेवटची धुलाई फिल्टरच्या पाण्याने करावी आणि फडक्याने लगेच टिपून घ्यावी. दुसरी शेजारच्या यंत्रमागांची रुई. ती ओल्या रंगावर बसली की काढता येत नाही; काढायला जाल तर खड्डा पडतो. माग बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही वरचा हात ठेवतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ. नंतर पत्रा हात लावू देत नाही, रंग हवेतच सुकतो आणि अंगावर वाळू फेकल्यासारखा खरखरीत बसतो. हार्डनर घातलेला पीयू डब्यावर चार तास लिहिलेला असला, तरी इथे दोन तासांत घट्ट होतो. म्हणून दोन लिटरच्या वर एका वेळी मिसळू नये. वरच्या रंगाला गनची टिप १.४ मिलिमीटर, अस्तराला १.८. अंतर वीतभर, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्यावर. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सकाळी सोडावे. ते न सोडल्यामुळे रंगात पडणाऱ्या डोळ्यांना, म्हणजे बारीक गोल खळग्यांना, 'रंग खराब निघाला' म्हणतात, आणि दुकानदाराशी भांडतात.

नवी रंगसंगती ठरवणाऱ्यांनी एवढे करावे. लालच हवा असेल तर उन्हात टिकणारी रंगद्रव्ये मागावीत. स्वस्त लाल दोन उन्हाळ्यांत हाताला खडूसारखा लागतो. संधिप्रकाशात लाल जवळजवळ काळा दिसतो, म्हणून लाल गाडीचा पिवळा पट्टा सौंदर्यासाठी म्हणून काढून टाकू नये. परावर्तक टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, असे एआयएस-०९० या वाहनांच्या मानकात ठरलेले आहे. ती टेप नव्या नक्षीखाली झाकली जाते, मग पासिंगला गाडी परत येते. टप पांढराच ठेवावा, आतल्या माणसाला त्याचा फरक कळतो. 'निळा' एवढेच लिहू नये. आयएस ५ या रंगांच्या भारतीय मानकातला क्रमांक लिहावा, जसा स्कूल बसच्या सोनेरी पिवळ्याला ३५६ आहे, म्हणजे चौदा गाड्या चौदा निळ्यांत निघणार नाहीत. फिका रंग आधी, गडद नंतर. रंगाची धार धरायला लावलेली मास्किंग टेप रंग ओला असतानाच, मागे वळवून ओढावी. सुकल्यावर ओढली की धार करवतीसारखी निघते.

आणि काम देण्याआधी पांढरे सुती फडके थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर अर्धा मिनिट घासावे. फडक्याला रंग लागला तर खाली इनॅमल आहे, थेट पीयू मारल्यास सुरकुत्या पडतील. लाल असेल तर हातभर जागेवर पांढरा मारून गाडी उन्हात उभी करावी आणि गुलाबी झाक येते का ते बघावे.

आम्ही आता हे फडके कोटेशनला टाचणीने लावून देतो. सीलरची ओळ खोडून पाहिजे असेल तर त्याच कागदावर, त्या ओळीसमोर, सही मागतो. मागच्या वर्षी दोघांनी सही करायला नकार दिला आणि ओळ तशीच ठेवली. त्या गाड्या सोलापूरच्या 'सात रस्ता' चौकातून रोज जातात, पांढऱ्या आहेत.