बांबूचं दुसरं टोक

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि पहिला विचार मनात आला तो हाच, की आज सर हवे होते. कोणते सर, हे आपल्या पिढीला सांगायला नको. बोर्डिंगचे सर. गणिताचे, इंग्रजीचे सरही चांगलेच होते, त्यांच्यावर इतर मंडळी लिहितील. मुख्याध्यापकांवर तर स्वतंत्र लेख आहे असं कळलं. माझा लेख सरांपलीकडे फारसा जाणार नाही, स्मरणिका समितीने सांभाळून घ्यावं.

मी पाथर्डीकडचा. 1972 च्या दुष्काळात आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि आम्ही पोरं वाटपात मिळणाऱ्या सुकडीच्या पिठावर जगत होतो. पुढच्या जूनमध्ये गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली आणि मी पत्र्याची पेटी घेऊन नगरला पाचवीत दाखल झालो. दसरा झाला की आई-वडील ऊसतोडीला निघून जायचे. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत पोरं माळीवाड्याच्या स्टँडकडे पळाली आणि मी मागे राहिलो. घराला कुलूप, जाणार कुठे? मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांच्या वळकट्या भिंतीला लावलेल्या आणि मधोमध माझी सतरंजी.

जेवणाची घंटा झाली तरी मी मागच्या चिंचेखालून उठलो नाही. थोड्या वेळाने सर आले. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. शेजारी मांडी घालून बसले, रुमाल सोडला. ज्वारीची भाकरी, खर्डा आणि कांदा. कांदा दगडावर ठेवून मुठीने फोडला, आतला गाभा काढून माझ्या भाकरीवर ठेवला आणि म्हणाले, "ऊठ, खा. लांब जायचंय तुला." मला वाटलं, सर आपल्याला गावी पोचवणार! मी भराभरा खाल्लं. खाऊन झाल्यावर सरांनी नेलं ते आडावर.

तिथे बीडकडचा एक मुलगा उभा होता. त्याला आई-वडील नव्हते, बोलताना अडखळायचा, म्हणून पोरं त्याच्या वाटेला जात नसत. सरांनी आमच्या खांद्यांवर एक बांबू दिला, मध्ये दोरीने तेलाचा पत्र्याचा डबा अडकवला आणि सांगितलं, "आजपासून स्वयंपाकघराचं पाणी तुम्ही दोघांनी आणायचं." मी पुढे, तो मागे. तो उंच, मी बुटका, त्यामुळे डबा सारखा घसरून माझ्याकडे यायचा आणि सगळा भार माझ्या खांद्यावर पडायचा. तो काही बोलायचा नाही. मोकळ्या हाताने दोरी धरून डबा गुपचूप आपल्याकडे ओढून घ्यायचा. मला ते बऱ्याच उशिरा कळलं, तेही स्वयंपाकीण मावशींनी सांगितलं म्हणून.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलवर्गात, झाली तेव्हा "ऊठ, खा" कुठून आलं ते समजलं. ईजबेल राणीच्या भीतीने एलीया रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, तर पुन्हा उठवून जेवू घालतो. सर त्यावर म्हणायचे, "देवाने आधी त्याला जेवू दिलं, झोपू दिलं, आणि मग विचारलं, तू इथे काय करतोस? आपण उलटं करतो." आणि मीच एकटा उरलो, अशी तक्रार एलीयाने केल्यावर देवाने त्याला अलीशाकडे, म्हणजे पुढे त्याची जागा घेणाऱ्या सोबत्याकडे, पाठवलं, हे सांगायला सर कधी विसरत नसत.

सरांची आणखी एक पद्धत जुन्या मुलांना आठवत असेल. रात्रीच्या प्रार्थनेत स्वतःसाठी मागायचं ते मनात. मोठ्याने मागायचं ते उजव्या हाताला बसलेल्या मुलासाठी. त्यामुळे संध्याकाळी जेवताना विचारावंच लागायचं, "काय रे, तुझं काय चाललंय?" नाहीतर देवाला सांगणार काय? कुणाची आई आजारी आहे, कुणाची फी राहिली आहे, कोण रात्री रडतो, हे आम्हाला एकमेकांच्या प्रार्थनेतून कळलं. बायबलमधला योनाथान, शौल राजाच्या भीतीने जीफच्या रानात लपलेल्या आपल्या मित्राला, दावीदाला, भेटायला गेला तो काही सैन्य घेऊन नाही. देवावरचा त्याचा भरवसा पक्का करून परत आपल्या घरी गेला. सरांच्या मते मैत्रीचं काम एवढंच.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा, या सनावळ्या सरांनी आमच्याकडून घोकून घेतल्या होत्या. ख्रिस्ताकडे वळलेल्या माणसाला घरदार दुरावल्यावर कसे दिवस काढावे लागतात, ते आम्हाला या दोन सालांच्या मधल्या काळातून कळलं. आपल्यातल्या किती घरांमध्ये आजोबा-पणजोबांनी तेच सोसलं, हे सर नावं न घेता सांगायचे.

पुढे मी इंजिनिअर झालो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर काही वर्षं काढली. खडी फोडणाऱ्याच्या पोराने पाणी मोजलं, हे सरांना पत्राने कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "शाबास. शेवटच्या शेतापर्यंत जातं का, ते बघ."

पत्नी गेल्यावर मात्र मी पुन्हा चिंचेखाली जाऊन बसलो. मुलगी कॅनडात, घरात मी आणि टीव्ही. चर्चच्या मंडळीतले लोक आले, "प्रभू आहे ना पाठीशी" म्हणाले, चहा घेऊन गेले. एका उपदेशकाने तर एकटेपणा म्हणजे विश्वासाची कमतरता असं व्यासपीठावरून सांगितलं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहानाला जागं राहायला का सांगितलं होतं मग? त्याला पित्याशी बोलता येत होतं, तरी माणसं जवळ हवी होती.

माझा बीडकडचा जोडीदार आता सोलापूरकडे पाळक आहे. (नाव छापू नकोस, असं त्याने फोनवर बजावलंय.) तो एसटीने आला, सोबत कपड्यांची पिशवी. शास्त्र उघडलं नाही. भांडी घासली, पिठलं केलं, माझ्या बायकोच्या आठवणी ऐकत बसला. काही दिवसांनी संध्याकाळी चपला घालून दारात उभा राहिला. "च... चल, उपासनेला जाऊ." गेलो. कित्येक महिन्यांनी त्या बाकावर बसून मला प्रार्थना करता आली, आणि ती उजव्या हाताला बसलेल्या त्याच्यासाठी होती.

बोर्डिंग बंद झालं, हॉलच्या जागी गाळे निघाले, आडावर स्लॅब पडला. नळ आला ते चांगलंच झालं. पण प्रार्थनाही आता मोबाईलवर सकाळी फॉरवर्ड होते, हात जोडलेलं चित्र घालून, आणि ती कोणासाठी आहे ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे. उपासनेनंतर आम्ही दोघे शाळेच्या ओट्यावर बसणार आहोत. नगर, भिंगार, सावेडी भागात जे माजी विद्यार्थी किंवा जुने शिक्षक एकटे राहतात, त्यांची नावं कुणाला माहीत असतील तर तिथे येऊन सांगावीत. फोन नंबर नसला तरी चालेल, घर कुठे आहे तेवढं सांगा. आठवड्याला एका घरी जायचं ठरवलंय, डबा घेऊन. डबा माझ्याकडे, आणि सोलापूरचा पाळक महिन्यातून एकदा येईल म्हणतो.