ग्वाल्हेरात राहून मेझ्झो-सोप्रानोची आठवी ग्रेड : माझा अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातली मुलगी गाणं शिकणार म्हणजे ख्यालच, हे आमच्याकडे न विचारता ठरलेलं असतं. मी पण काळी चारमध्ये यमन घोटला, खर्ज भरला, आणि कॉलेजात असताना ऑपेराचं वेड लागलं ते लागलंच. दिल्लीच्या एक मॅडम ऑनलाइन शिकवायला तयार झाल्या, अधूनमधून ट्रेनने जाऊन समोर बसूनही शिकायचे. त्यांनी आवाज ऐकून सांगितलं, तू मेझ्झो. म्हणजे साधारण मिडल सीच्या (पियानोच्या मधोमधचा सूर) खालच्या एपासून वर दोन सप्तकं, सोप्रानोपेक्षा जरा खालचा आणि गडद आवाज.

खालच्या सुरांचं टेन्शन नव्हतं, खर्जाची पुण्याई! सगळी भानगड मधे. आपल्याकडे बायका तार सप्तकात पण छातीचाच आवाज लावतात, त्यात ग्वाल्हेर गायकी म्हणजे खुला आकार, जरा पातळ लागला की गुरुजी म्हणणार आवाज चोरू नकोस. इथे मात्र मिडल सीच्या वरच्या ई-एफच्या आसपास, म्हणजे माझ्या पट्टीतल्या धैवताशी, हेड व्हॉइस, म्हणजे डोक्यात घुमणारा हलका आवाज, मिसळायला लागायचा आणि सांधा कुठे कळता कामा नये. कारण ऑपेरात माइक नसतो, ऑर्केस्ट्राच्या वरून आवाज पोचवायचा असतो, आणि छातीचा आवाज तसाच वर ओढला तर घसा दमतो. मी लिप ट्रिल, म्हणजे ओठ फडफडवत सूर लावणं, करत बसायचे आणि आजी स्वयंपाकघरातून, "अगं, घसा बसलाय का तुझा?"

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सवय, सुटता सुटेना ते वेगळंच. आणि पियानोचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, मला तो कित्येक महिने बेसूरच वाटायचा.

माझी आठवी ग्रेड एबीआरएसएमची, म्हणजे लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाची. त्यांची सहावीपासून पुढची परीक्षा द्यायची तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी लागते, ७५ पैकी ५० ला पास. भातखंडे लिपी येते म्हणून निवांत राहू नका, आपला सा कुठेही धरता येतो, स्टाफवरचा (पाश्चात्त्य लिपीतल्या पाच रेघांवरचा) सूर जागचा हलत नाही.

मला कार्मेन (त्याच नावाच्या ऑपेराची नायिका) गायची होती, मॅडमनी साफ नाही म्हटलं. मेझ्झोचा आवाज उशिरा पिकतो, जड रोल तिशीनंतर बघू. दिला मोत्सार्टच्या फिगारो ऑपेरामधला केरुबिनो, वयात येणारा पोरगा पण गाते बाई. घरी एका वाक्यात पटलं, उलटे बालगंधर्व! जर्मन गाण्यांची पुस्तकं हाय व्हॉइस, लो व्हॉइस अशी वेगवेगळी मिळतात, पण आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं, सहसा लिहिलेल्या पट्टीतच, "अर्धा सूर खाली घेऊ का" चालत नाही.

परीक्षा व्हिडिओवाली घेतली. चार गाणी, सलग एकच रेकॉर्डिंग, कापाकापी बंद. पियानोवादक मिळेना म्हणून रेकॉर्डेड साथ वापरली, ती चालते. लग्नसराईत मात्र हे करू नका, तिसऱ्या गाण्यात गल्लीतून बारात आली की परत पहिल्यापासून. शेवटी भर दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर जमलं.

१५० पैकी १२० ला मेरिट असतं, ते जेमतेम मिळालं. शेऱ्यात खालच्या सुरांचं कौतुक आणि इटालियन उच्चार कच्चे. आता उच्चारांसाठी क्लास शोधतेय, ग्वाल्हेर-झाशीकडे कोणी शिकवत असेल तर सांगा.