आमची वाटचाल : ऑर्गन आहे तोवर

आमची संस्था सांगलीची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे पहिले मानले जाणारे मराठी नाटक रंगवले ते याच गावात, आणि नाटककार गो. ब. देवलांचे हरिपूर इथून हाकेच्या अंतरावर. अशा गावात संगीत नाटकाची संस्था काढायला वेगळे कारण लागत नाही. पैसे लागतात, ते नव्हते. बँकेतले दोघे, शाळेत गाणे शिकवणाऱ्या एक बाई, एक तबलजी आणि छापखानेवाला मी (म्हणून तिकिटांची छपाई फुकट) एवढ्यांवर सुरुवात झाली. रीतसर नोंदणी केली, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातो. घटनेत ‘ना नफा’ लिहिलेले पाहून आमचे लेखापरीक्षक म्हणाले होते, “संगीत नाटकाला हे वेगळं लिहावं लागतं का?”

गद्य नाटकाला लागते ते सगळे आम्हाला लागतेच, वर साथीदार आणि महिनोन्‌महिने तालीम. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदे, म्हणजे गाणी. पूर्वी नाटक रात्रभर चाले. आता वेळ संपत आली की नाट्यगृहाचा माणूस विंगेत येऊन घड्याळ दाखवतो. मग पदे गाळायची, आणि ज्याचे पद गेले तो आठवडाभर तालमीला फिरकत नाही! पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, ही सवलत आम्ही पुरेपूर भोगतो; आमचे तिकीट तिथवर कधी पोचलेच नाही.

एका देणगीदारांनी सुचवले, ट्रॅकवर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर गा, साथीदारांचे मानधन वाचेल. तरच मदत करू. आम्ही देणगी सोडली. नट रंगात आला की गाण्यातली एखादी जागा पुन्हा घेतो, वन्समोअर आला तर पद पुन्हा उचलतो. ऑर्गनवाला (ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची पेटी) त्याच्या तोंडाकडे बघत सूर धरून बसलेला असतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

हाच ऑर्गन २०२०च्या टाळेबंदीत खोलीत अडकला. दार उघडले तेव्हा उंदरांनी भात्याचे कापड कुरतडून कोपऱ्यात घरटे केले होते. पाय मारला की नुसती फुसफुस. खालच्या सप्तकातले काही सूर गंजून मुके झालेले. मिरज शेजारीच, तिथे तंबोऱ्याची जवारी (घोडी घासून सूर खुलवणे) म्हणाल तेव्हा होते. ऑर्गनचा कारागीर मात्र बाहेरगावाहून आणावा लागला. त्याचे बिल प्रयोगांतून निघणे शक्यच नव्हते. सभासदांनी वर्गणी काढली, आमच्या बाईंनी शिकवणीची फी दिली.

बालगंधर्वांनाही कर्ज चुकले नाही, असा दाखला आमच्यात सारखा दिला जातो. मला तो पटत नाही. त्यांच्या नाटक मंडळीचा थाट राजेशाही होता. आमचा शालू भाड्याचा आणि टेम्पो उधारीचा. आमचा खरा तुटवडा माणसांचा आहे. गाणारा मिळतो, त्याला वाक्य फेकता येत नाही. नट मिळतो, तो सुरात नसतो. दोन्ही जमणाऱ्याला पुण्यात नोकरी लागते.

सध्या देवलांच्या ‘शारदा’ची तालीम चालू आहे. म्हातारा नवरदेव भुजंगनाथ तीन जण करायला तयार आहेत, तरुण नायक कोदंड करायला एकही नाही. पंचविशीतला, गाणारा, संध्याकाळी सातनंतर मोकळा असा कुणी असेल तर पाठवा. मानधन एसटीच्या भाड्याहून थोडे जास्त.